ऑक्टोबरात विकू नये

२ मे
आमच्या ह्यांनी आज भिंतीला कॅलेंडर ठोकलं. बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेलं! त्यावर हिरव्या-लाल पेनाने रेघोट्याच रेघोट्या. दूध सोसायटीच्या दोन दिवसांच्या शिबिराला काय गेले, परत आले ते नियोजन खातं होऊनच.

तर योजना अशी — मे महिन्यात लोकांचा चारा संपतो, जनावरं विकायला निघतात, भाव उतरतो. तेव्हा कर्ज काढून गाभण म्हैस घ्यायची. ती ऑगस्टात व्यायची. तोवर बांधावर हिरवं गवत फुकट. दुधाच्या पैशातून ऑक्टोबरअखेर पहिला हप्ता. सगळं कसं बैजवार! मी विचारलं, "म्हशीला वाचता येतं ना हे?" हे पुढच्या पानावर रेघ मारायला लागले.

ऑक्टोबरच्या पानावर तर लाल अक्षरात हुकूमच सोडलाय — 'या महिन्यात जनावर विकू नये.' का, तर हप्त्यासाठी सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव मातीमोल होतो. भाजीत मीठ किती घालायचं तेही लिहून ठेवा म्हटलं एकदाचं.

९ मे
कर्ज मंजूर. जामीन कोण? माझा दादा! शीळ घालत सोसायटीत आला, शीळ घालत सही केली. "तुझ्यासाठी एवढंही करू नये का?" म्हणाला. डोळे भरून आले माझे. म्हैससुद्धा त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याकडची.

वहिनी शेजारी बसलेली. चेहरा असा, की जणू तिच्या अंगावरचं लुगडं मागितलं! निघताना मला दाराआड ओढून म्हणते कशी — "घ्यायच्या आधी डॉक्टरला तपासायला लावा हो ताई." हिला काय करायचंय? नवरा बहिणीसाठी काही करतोय म्हटल्यावर पोटात दुखणारच. वर्षभर माहेरी पाऊल टाकलं नाही मी, ते हिच्या ह्या अशा तोंडामुळेच.

१२ मे
आता ह्यांनाही डॉक्टर हवा! म्हणे शिबिरात सांगितलंय. दादाला फोन केला. तो हसत सुटला. "व्यापारी खात्रीचा आहे. तो सात महिन्यांची गाभण म्हणतो म्हणजे आहेच. डॉक्टरच्या फीपेक्षा पेंडीचं पोतं आणा." ह्यांना सरळ विचारलं, माझ्या भावावर भरवसा नाही का? हे उठले आणि पेंडीचं पोतं आणायला गेले. त्याला मात्र शिबिर लागलं नाही.

१५ मे
म्हैस आली. काळी कुळकुळीत, शिंगं झोकात, पोट हे एवढं! नाव ठेवलं राणीसरकार. तोराही तसाच. पाण्याला तोंड लावेना. हे बादली धरून "पी गं बाई, पी" करत अर्धा दिवस तिच्यापुढे वाकून उभे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी असा पाण्याचा तांब्या धरला नाही!

१६ मे
प्यायली! मी सहज शीळ घातली. आमचे बाबा जनावरं पाण्यावर नेताना घालायचे ती — दोन आखूड, एक लांब, शेवटाला वर चढणारी. बाबांच्या मागे ती फक्त दादाला आणि मलाच येते. राणीसरकारांनी कान टवकारले आणि बादली रिकामी केली. ह्यांना म्हटलं, बघा, माहेरचं शिक्षण! हे माझ्याकडे बघतच राहिले. जळतात, दुसरं काय.

२० जून
दादाने त्याच्या स्वतःच्या कर्जाचा थकलेला हप्ता एकदम भरला. सोसायटीत सगळ्यांसमोर कौतुक झालं. ह्यांना मुद्दाम ऐकवलं — ह्याला म्हणतात नियोजन! ना कॅलेंडर, ना रेघोट्या.

म्हैस बघायला मात्र अजून आलेला नाही. वहिनी सोडत नसणार.

१९ ऑगस्ट
राणीसरकार व्यायचं नाव काढत नाहीत. कास काही भरेना. नियोजन खातं सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन बघून येतं, मग कॅलेंडरपुढे उभं राहतं. हसू येतं. थोडी भीतीही वाटते, पण ती मी बोलून दाखवणार नाही.

४ सप्टेंबर
शेवटी डॉक्टर आला. कोपरापर्यंत हात घातला. "आत काही नाही."

काही नाही म्हणजे?

"म्हणजे ही गाभण नव्हतीच. पिशवीला जुनी सूज आहे, राहायचीही नाही. पोट दिसतंय ते खाऊन झालेलं आहे." फी घेतली आणि गेला.

मेल्या व्यापाऱ्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. दादाला फोन केला तर त्याचा आवाजच बसला. "मलाही फसवलं गं त्याने. मी तरी कुठे बघितली होती तिला!" बिचारा.

हे उठून आत गेले. चहा करून आणून दिला. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

१८ ऑक्टोबर
दूध नाही तर हप्ता नाही. हप्ता चुकला की जामीनदाराच्या दुधाच्या बिलातून कापतात. म्हणजे दादाच्या! ज्याने माझ्यासाठी सही केली, त्याची चार लोकांत मान खाली? जीव गेला तरी होऊ देणार नाही. माझी तांबडी विकते म्हटलं. वासरू होती तेव्हापासून माझ्या हातावर वाढलेली गाय, आज सगळं घर तिच्या दुधावर चाललंय.

ह्यांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "लाल लिहिलंय गं." मग हळूच, "दादाचं दादा बघेल. तांबडी राहू दे."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. 'परका तो परकाच' इथपर्यंत गेले.

२३ ऑक्टोबर
बाजारात जिकडे बघावं तिकडे गाईच गाई. विकणारे शंभर, घेणारे पाच, आणि पाचही एकमेकांना डोळे मारणारे. लाल अक्षरं खरी ठरली. निम्म्या भावात दिली. टेंपोत चढेना, मागे वळून माझ्याकडेच बघत होती. घरी येऊन खूप रडले. हे रिकाम्या खुंट्यापाशी उगीचच झाडत बसले होते.

३१ ऑक्टोबर
हप्ता भरला. दादाचं नाव राहिलं.

३ नोव्हेंबर
दादा आला! शाब्बासकी द्यायला. अंगणातून शीळ घालत आला — तीच, बाबांची. गोठ्यात राणीसरकार धडपडत उठली, रेकली, दावं ताणून त्याच्याकडे झेपावली आणि त्याचा हात चाटायला लागली. थांबेचना. दादाने हात मागे ओढला. "जनावर लगेच लळा लावतं, नाही?" म्हणाला. आमच्या गोठ्यात तो आज पहिल्यांदाच आला होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.