पांढरी ब्रीचेस, काळी टोपी

३ नोव्हें., सोम.
फॉर्म भरला एकदाचा. नाव वंदना, वय ३७, घोडी मैना, घोडीचा मालक माझा बाळाकाका. 'अनुभव' या रकान्यापाशी पेन अडलं. काय लिहू? अठरा वर्षं मालिकांत डबल म्हणून घोडा फेकतेय. राण्या, सरदारणी, एक इंग्रज मड्डम. पाठ माझी, तोंड त्यांचं. शेवटी लिहिलं, "आहे."
भरीस घातलं सबनीस डॉक्टरांनी. घोड्यांच्या डॉक्टर त्या, रायडिंग क्लबवर स्वतःही घोड्यावर बसतात. मैनाचा पाय बघायला आल्या होत्या. तबेल्यामागे मी तिला पिंपांवरून उडवत होते, तर बघत उभ्याच राहिल्या. "स्पर्धेत का नाही उतरत गं तू?" कुणी विचारलंच नव्हतं कधी.
नवख्यांचा गट आहे, उड्या बुटक्या. २९ ला कपड्यांची तपासणी, ३० ला स्पर्धा.

५ नोव्हें., बुध.
क्लबचा कागद इंग्रजीत. लेकीने, प्राचीने, वाचून दाखवला. पोरगी चौदाची, पण इंग्रजी फाडफाड. जॅकेट काळं नाहीतर गडद निळं. शर्ट पांढरा, गळ्याशी पांढरा टाय. ब्रीचेस, म्हणजे ती अंगाला चिकटलेली पँट, पांढरी किंवा क्रीम. बूट गुडघ्यापर्यंत. केस जाळीत. कानात, गळ्यात लोंबणारं काही नको. हेल्मेट 'मान्यताप्राप्त'.
पांढरी! घोड्यावर! लीद, घाम, लाल माती आणि बाईचे महिन्याचे चार दिवस, यातलं एकही ज्याला ठाऊक नाही अशा कुणीतरी ठरवलंय हे. पुरुषच असणार. आणि त्याचे कपडे दुसरं कोणीतरी धूत असणार.
३० तारीख मोजून बघितली. नेमकी तीच. छान.
आईने मासळीची पाटी उतरवता उतरवता ऐकलं सगळं. म्हणाली, "घोऱ्याला काय कलतं गो, तू कंच्या कपऱ्यान बसलीस?"
क्लबच्या लोकांपेक्षा तिला जास्त अक्कल आहे.

९ नोव्हें., रवि.
अंधेरीला गेले बुटांना. दुकान एसी, भिंतीवर खोगिरं टांगलेली. विकणारा माझ्या चपलांकडे बघून मग माझ्याकडे बघतोय. बूट पायात गेला, चेन पोटरीशी अडली. दुसरा, तोही अडला.
"लेडीजमध्ये याच्यावर साईज येत नाही, मॅडम. पोटरी जरा..."
पोटरी जरा काय? अठरा वर्षं घोडा याच पोटरीने आवळलाय. घोड्यावर बसणाऱ्या बाईला घोड्यावर बसणारीचीच पोटरी असणार ना? हे बूट मग कोणासाठी शिवतात, सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी?
पुरुषांचे बूट घेऊन आले. टाच सुटते. आत दोन मोजे घालीन.

१६ नोव्हें., रवि.
जॅकेट मालवणी वस्तीतल्या मास्टरजींनी शिवलं. शाळेच्या ब्लेझरचं कापड, गडद निळं. त्यांना मी खुर्चीवर उलटी बसून, हात पुढे करून दाखवलं की लगाम असा धरतात, पाठ इथे ताणते. त्यांनी मागे दोन चिरा दिल्या आणि काखेत कापड वाढवलं. झकास बसलंय. उडी घेताना कुठे ओढत नाही.
ब्रीचेसला पांढरं ताणलं जाणारं कापड मिळालं. घरी घालून बघितली तर आतलं सगळं दिसतंय. प्रा. हसून हसून लोळली. आता अस्तर लावणार. म्हणजे अजून जाड, अजून घाम.
हेल्मेटचा प्रश्न मिटला. सेटवर कपडे सांभाळणाऱ्या ड्रेसदादाने त्या इंग्रज मड्डमच्या कथानकातली काळी मखमली टोपी दिली, "परत आण हां" म्हणून. पुढे चोच, हनुवटीखाली इलॅस्टिक. कागदावरच्या फोटोशी हुबेहूब. तशी ती माझीच म्हणायची. तीन वर्षं मीच घालून पळालेय त्यात.

२४ नोव्हें., सोम.
मंगळसूत्राचं काय करायचं? 'लोंबणारं नको.' प्रा.चे पप्पा बोटीवर, फेब्रुवारीत येतील. फोनवर म्हणाले, काढून ठेव, त्यात काय. आईने मात्र तोंड फिरवलं. मी म्हटलं, मालिकेत दर महिन्याला काढते की, तिथे लग्न न झालेली राजकन्या असते मी. तेव्हा कसं चालतं तुला?
ती पाटी उचलून बाजाराला निघून गेली. मीही जास्तच बोलले.

२९ नोव्हें., शनि.
रागातच लिहितेय.
मैनाला पहाटे टेम्पोत चढवलं. काका बरोबर. क्लबवर तपासणीची रांग. पुढेमागे सगळ्या शाळकरी पोरी आणि त्यांच्या आया. एकीने माझं जॅकेट बघून दुसरीला कोपर मारलं. मी म्हटलं बघू दे, जॅकेटवरून बोलल्या तर उत्तर तयार ठेवलं होतं.
तपासणीची बाई उंच, पांढऱ्या केसांची, चष्मा दोरीने गळ्यात. जॅकेटचं काही नाही. ब्रीचेसचं काही नाही. बुटांकडे बघून नुसती "हं". मग टोपी हातात घेतली आणि अंगठ्याने वरून दाबली. खड्डा पडला. अंगठा काढल्यावर टक्क करून वर आला.
"ही टोपी आहे. हेल्मेट नाही."
"फोटोत आहे तशीच आहे, मॅडम."
"दिसायला. शिक्का कुठे आहे आतला? पट्टा कुठे आहे?"
"मॅडम, अठरा वर्षं घोड्यावर आहे मी. यातच उड्या मारल्यात."
"यात?" म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मग कागदावर फुली.
सबनीस डॉ. धावत स्वतःचं हेल्मेट घेऊन आल्या. माझ्या डोक्यावर ते गोल फिरतंय. बाईने दोन बोटांनी हलवून बघितलं. "नाही. सैल हेल्मेट नसल्यासारखंच."
झालं. मागे दहा वर्षांची पोरगी उभी होती, ती पास. मी बाहेर. पोटरीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळं त्यांच्या मापाने केलं, आणि एका टोपीवरून...
परत येताना मार्व्याच्या वळणावर काकाने टेम्पो हळू केला. मग म्हणाला, "बोललो होतो ना, ती लोकं आपल्याला घेणार नाय."
आज मला त्याचंच पटलं.

२ डिसें., मंगळ.
टोपी कापली. आईच्या मासे कापायच्या कोयत्याने. राग होता, दुसरं काही कारण नाही. ड्रेसदादा ओरडला तर ओरडू दे म्हटलं.
आत पुठ्ठा. खरंच पुठ्ठा! त्यावर बोटभर फोम, गोंद आणि वर मखमल. टी.व्ही.च्या खोक्यावर असतो तसा 'वरची बाजू'चा बाण छापलाय त्यावर.
प्रा.ने हातात घेऊन बघितलं. म्हणाली, "मम्मी, तू शूटिंगला दगडी पायऱ्यांवर पडलेलीस ना, तेव्हा हीच होती?"
हीच होती. कानामागे टाके पडले होते. सगळे म्हणाले, टोपी होती म्हणून वाचलीस. मीही तेच सांगत फिरले. देवीला नारळ दिला.
इतके दिवस त्या चष्मेवाल्या बाईला शिव्या घालत होते. चुकीच्या माणसाला घालत होते.

४ डिसें., गुरु.
सेटवर गेले, कापलेली टोपी पिशवीत घेऊन. आमच्या मढमधलाच बंगला, सध्या तिथे राजवाडा केलाय.
ड्रेसदादा आधी टोपीसाठी हळहळला. "अगं, ही कंटिन्युटीची होती, पुढच्या सीनला हीच लागली असती!" मी म्हटलं, दादा, आत पुठ्ठा आहे. तर म्हणतो, "मग? दिसायला बनवलीय ती. मी कुठे म्हटलं पड म्हणून?"
हे ऐकून घेतलं मी. अजून कानात आहे.
मग मास्टरांकडे गेले. आमचे फाइट मास्टर, मला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. म्हटलं, मास्टर, यापुढे उडी असेल तर हेल्मेट हवं. वरून फेटा बांधता येतो, विग बसवता येतो. सगळं करून देते मी.
"फेट्याखाली हेल्मेट? वंदना, डोकं मडक्यासारखं दिसेल गं."
"पडल्यावर मडक्यासारखंच फुटेल ना, मास्टर."
सगळे हसले. मास्टरही. मी विनोद केलाच नव्हता. क्लबवर निदान कुणी हसलं नाही.

९ डिसें., मंगळ.
खरं हेल्मेट घेतलं. सबनीस डॉ. बरोबर आल्या. दुकानात टेप काढून आधी कपाळावरून माप घेतलं त्यांनी, मग मागून.
माझ्या डोक्याचं माप पहिल्यांदा घेतलं कुणीतरी. मुकुट, विग, फेटा, सगळं हिरॉइनच्या मापाचं असतं. मला सैल झालं तर आत टिश्यू पेपर कोंबतात, घट्ट झालं तर मी दात आवळते.
डॉ. म्हणाल्या, "१४ ला परत स्पर्धा आहे. त्या बाईंनी विचारलं मला, ती मैनावाली येतेय का म्हणून."
कशाला विचारलं? परत फुली मारायला? येतेच.

१४ डिसें., रवि.
तपासणी. तीच बाई. हेल्मेट उलटं करून शिक्का बघितला, माझ्या डोक्यावर बसवलं, पट्ट्यात बोट घालून ओढलं. "चला." बस, एवढंच. मला काहीतरी ऐकवायचं होतं तिला, पण सुचलं नाही. शेवटी म्हटलं, "ती टोपी पुठ्ठ्याची निघाली." म्हणाली, "माहीत आहे. माझ्या मुलीच्या डोक्याला दुखापत झाली होती." आणि लगेच पुढच्या पोरीचं जॅकेट बघायला लागली. मी तिथेच उभी. मागून कोणीतरी म्हणालं, सरका.
लाउडस्पीकरवर माझं नाव. घोडीचं नाव. पुन्हा माझं नाव. मढहून आई आली होती, पाटी बाजाराला न नेता. प्रा. म्हणते, आजी नाव ऐकून उभीच राहिली.
तिसऱ्या अडथळ्याची दांडी पाडली. चूक माझी, मैनाची नाही, लवकर सोडलं तिला. बाकी सगळं साफ. सहावी आले. मला वाईट नाही वाटलं, पण बरंही नाही. त्या दांडीला पुन्हा भेटायचंय.
नंतर एका पोरीची आई, चांगुलपणाने, "तुमचं जॅकेट छान आहे हं. कॉस्च्युम आहे का?"
"नाही. कॉस्च्युम दुसऱ्याचा असतो. हे माझं आहे."
जरा चढ्या आवाजात गेलं. जाऊ दे.

१७ डिसें., बुध.
आज निकाल लागला सगळ्याचा.
राणी वाड्यातून निसटते, बैलगाडीवरून घोडा उडवते, तो शॉट शनिवारी, आज कपड्यांची ट्रायल. मी नऊवारी नेसायला तयार, शालू, विग, सगळं तयार. फक्त विगखाली हेल्मेट. घरून विग बसवून, फोटो काढून नेला होता. दुरून काही कळत नाही. कॅमेरा तर दुरूनच आहे!
मास्टरांनी फोटो बघितलासुद्धा नाही. "वंदना, एका स्पर्धेत गेलीस आणि लगेच क्लबवाली झालीस का?"
म्हटलं, मग मी नाही उडी मारत.
"नको मारू. सुजाता आहे."
अठरा वर्षं. चार शब्दांत काम दुसरीला गेलं. मेकअपवाल्या बाईने खाली बघितलं. ड्रेसदादाने माझ्या अंगावरचा शालू तिथेच मागितला.
घरी काका. "तुझ्या हट्टापायी घोड्यांचं पण काम जाईल गो. चार जनावरांना काय तुझी ब्रीचेस खायला घालू?" मग खाली बसून म्हणाला, शनिवारी मैना जाणार. त्याने शब्द दिलाय.
माझीच मैना. सुजाताखाली.
काकाला काही बोलता येत नाही. त्याचं खोटं नाही.

१९ डिसें., शुक्र.
दुपारी सुजाताचा फोन, नाहूरहून. दहा वर्षं आम्ही एका व्हॅनिटी व्हॅनच्या पायरीवर डबे खाल्लेत. आधी पाच मिनिटं उगाच थंडी, ट्रॅफिक. मग, "वंदे, तुझी मैना उडायच्या आधी डावीकडे ओढ खाते ना गं? कुठे धरू तिला?"
सांगितलं सगळं. मैना पडू नये, तीही पडू नये. राग होता, तरी सांगितलं. मग विचारलं, डोक्यावर काय घालणार?
"विग."
"माझं हेल्मेट ने. आपली साईज एकच, फेट्यात टिश्यूसुद्धा सारखाच कोंबतात आपल्या."
"यार, तू नाही म्हणालीस आणि मला शॉट मिळाला. मी नाही म्हटलं तर तिसरी उभी आहे."
"दोघींनी नाही म्हटलं तर?"
फोनमध्ये मागे तिची सासू मालवणी बोलीत कुणावर तरी ओरडत होती. मग म्हणाली, "बघते." आणि ठेवला.
बघते म्हणजे काय? आमच्या लाईनीत बघते म्हणजे नाही.
ओरडावंसं वाटलं तिच्यावर. पण महिन्यापूर्वीची मी वेगळं काय म्हणाले असते?

२० डिसें., शनि., सकाळ
मैनाला चढवलं. काका टेम्पोत बसलाय. माझ्याशी बोलत नाही, पण निघतही नाही. दोनदा हॉर्न मारला.
हेल्मेट प्रा.ने पिशवीत घालून दारात आणून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला.
सेटवर मला बोलावणं नाही. गेटवर अडवतील. मास्टर म्हणतील, तमाशा करायला आलीस. सुजाता सगळ्यांसमोर नको म्हणाली तर मग मी काय करणार, जबरदस्तीने तिच्या डोक्यावर...
तिसरा हॉर्न. आई म्हणते, "जातंस क नाय?"
चप्पल घालतेय.