‘हा आता तुजा’ याचे इंग्रजी

सोनई,
दि. ९ जानेवारी १९९५

चि. सोपान यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

एका बाईच्या चार वाक्यांचे इंग्रजी करायला घेतले आणि हात थांबला, म्हणून हे पत्र. एरवी तुला कोर्टाच्या कामातून उठवले नसते.

आमच्या मागच्या गल्लीतली जहिरा तुला आठवत असेल. तिचा जीशान आखातात टेम्पो चालवतो. दिवाळीच्या सुमारास त्याच्या टेम्पोखाली तिथल्या एका बाईचा मुलगा गेला. चूक जीशानची. तसे कबूल करून तो तुरुंगात बसला आहे. वकिलाने कळवले आहे की, मयताच्या आईने माफ केले तर तो सुटेल, नाहीतर उमेदीची वर्षे आतच जातील. म्हणून जीशानच्या आईचे पत्र इंग्रजीत पाठवा, इकडे त्याचे अरबी करू. जहिराचा दीर चांदभाई येत्या रविवारी ते घेऊन मुंबईला जाणार आहे.

जहिरा बोलली तसे मी लिहून घेतले: “बाई, माज्या पोरानं तुजं पोर नेलं. हा आता तुजा. मार, न्हाईतर ठिव. मी मागायला यायची न्हाई.” बस, एवढेच. माफीचा शब्द नाही.

ही आपल्याकडची रीत. लहानपणी तू पुंजारामच्या शेळीचा पाय मोडलास, तेव्हा आईने तुला दंडाला धरून त्यांच्या उंबऱ्यात नेऊन बसवले, हेच बोलली आणि मागे न बघता घरी आली. पुंजारामच्या बायडाबाईने तुला भाकरी खाऊ घालून संध्याकाळी आणून सोडले. आईने पोर असे दिले की समोरच्या बाईने ते परत करायचे, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. तिकडे कोण सांगणार? शब्दाला शब्द ठेवला तर कोर्ट म्हणेल, आईनेच मुलाला टाकले. मोकळे लिहिले तर ते जहिराचे राहत नाही. भाषांतरात पदरची भर घालाल तर गुण कापीन, असे मुलांना दरडावत माझी नोकरी सरली. आता माझीच पाचावर धारण बसली आहे.

मुलांचा अभ्यास बघत जा. उलट टपाली लिही.

तुझी,
माधुरीताई


अहमदनगर,
दि. ११ जानेवारी १९९५

ती. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

पत्र पोचले. भाकरीच्या आधी बायडाबाईने मला दोन थपडा दिल्या होत्या, त्या तू सोयीने गाळल्यास. म्हणजे मोकळ्या भाषांतराची सुरुवात तूच केलीस.

चेष्टा पुरे. मी कोर्टात रोज साक्षींचे इंग्रजी करतो. शब्द बरोबर गेले आणि माणूस चुकीचा ठरला, असे डोळ्यांनी पाहिले आहे. सोबत मसुदा पाठवतो. त्यात एक दुःखी आई पदर पसरून दुसऱ्या आईकडे दया मागते. हे कुठल्याही देशात कळते. हाच दे. जहिराला इंग्रजी येत नाही, तिला विचारून घोळ वाढवू नकोस. ताई, तुझा बाणा राहील आणि जीशान आत राहील, याची मला धास्ती वाटते.

तब्येतीला जप. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
सोपान


सोनई,
दि. १५ जानेवारी १९९५

चि. सोपान यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

थपडांचे खरे आहे.

तुझे ऐकले नाही. तुझा मसुदा मराठीत करून जहिराला वाचून दाखवला. ती बाजरी निवडत होती. ऐकून घेतले आणि विचारले, ही बाई कोण हाय? मी म्हटले, तूच. तेव्हा म्हणाली, तिचं पोर मातीत गेलं आन् मी माजं मागू? कोणत्या तोंडानं?

मग मी आडपडदा ठेवला नाही. तिकडे ही रीत नसेल, तुझा शब्द ते खराच धरतील, असे सांगितले. तिचे हात थांबले. मला वाटले, आता मजकूर बदला म्हणेल. खोटे कशाला सांगू, तिने तसे म्हणावे असेच वाटत होते. ती म्हणाली, “घेतलं तर घेतलं, बाई. परत मिळंल म्हनून दिलं, तर काय दिलं?”

निदान आपल्याकडची रीत खाली लिहू दे, म्हणून मी अडून बसले. ती म्हणाली, ते तुमचं हाय, तुमच्या नावानं लिवा, माज्या कागदावर नको. म्हणून वेगळे पान केले. अरबी करणारा ते पान ठेवतो की फेकतो, कोण जाणे. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तू चिडशील. चीड, पण मला पत्र लिहायचे थांबवू नकोस.

तुझी,
माधुरीताई

ता. क. आज सकाळी चांदभाईच्या हाती दिले ते असे: जहिराचा मूळ मजकूर, तिच्या अंगठ्यासह. त्याचे इंग्रजी, शब्दाला शब्द. रीत सांगणारे माझे पान, सहीसह. तुझा मसुदा दिलेला नाही. चांदभाईने जीशानचा शाळेतला फोटो पाकिटात घातला होता, तो जहिराने काढून घेतला.