चहापत्तीच्या वाटेवर

॥ श्री ॥
जाफराबाद, ता. १४-२-१९८८

चि. तातेराव यास आक्काचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे जिते हायेत, त्यालाच खुशाली समज.

बाबा, तुझा भाचा घर सोडून गेलाय. आज नऊ दिवस झाले. शेजारच्या कडूबानं त्याला जालन्याला काचीगुड्याच्या गाडीत चढताना पाह्यलं, म्हणून तुला लिहून राह्यले. न्हाईतर तुझ्या जिवाला घोर लावला नसता.

झालं असं, की बेबीनंदाला बघायला मंठ्याचे पाव्हणे आल्ते. पंगत बसली. धर्मराज सकाळपासून धावपळ करून दमल्ता, भुकेनं त्यानं पाव्हण्यांच्या आधी घास घेतला. तुझ्या दाजींचं तोंड तुला ठावं हाय. बारावीला तिसऱ्यांदा नापास झाल्याचा राग होताच. पाव्हण्यांदेखत म्हणले, कुत्रं पन आधी राखण करतं अन् मंग खातं, हा नुसता खायला पुढं. पोरगं भरल्या ताटावरून उठलं. हात धुतला न्हाई, चप्पल घातली न्हाई. त्याच्या मागं पळावं तर चारचौघं बसलेली. मी पोळ्या वाढत राह्यले. तातेराव, पोरगं चाललं होतं अन् मी पोळ्या वाढत राह्यले.

तू हॉटेलांना चहापत्ती घालतोस. हैदराबादेतली सगळी हॉटेलं तुझ्या पायाखालची. माणूस कुठं बी लपला तरी दोन टायमाला खायला बाहेर येतोच. वीस वर्षांचं पोरगं हाय, दर दोन घंट्याला भूक लागते त्याला. एवढं ध्यानात ठेवून बघ. सोबत फोटो धाडलाय. उषाला आशीर्वाद. माया पातळ करू नको.

तुझी,
आक्का (कौसल्या)

॥ श्री ॥
काचीगुडा, हैदराबाद, ता. २५-२-१९८८

ती. आक्कास तातेरावचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र ऐकून उषानं डोळ्याला पदर लावला अन् मी सायकलवर टांग टाकली. तवापासून हिंडूनच राह्यलो.

तू फिकीर बिलकुल करू नको. हे शहर माणसाला उपाशी मरू देत न्हाई, बावीस वर्षं बघून राह्यलो. सकाळी नामपल्लीत खिचडी-खिमा, अकराला आबिड्सला डोसा, दुपारी सुलतान बाजारात आपल्याकडच्या एका बाईच्या हातची ज्वारीची भाकर अन् पिठलं, चारला मोजमजाही मार्केटात कांद्याचे बारके समोसे. चहा तर पावला-पावलावर. इराणी हॉटेलात एक चहा दोघांत मागितला तरी कुणी हसत न्हाई, घंटाभर बसलं तरी कुणी उठवत न्हाई. अन् पत्ती माझी असल्यावर चहाचं काय सांगावं! दाजींना पाजला असता तर त्यांची पन जीभ गोड झाली असती. लहान तोंडी मोठा घास घेतला, माफ कर.

शोधायची माझी रीत ऐक. नुसतं पोरगं हरवलंय म्हणलं तर कुणी कानावर घेत न्हाई, अशी शंभर पोरं रोज उतरतात इथं. म्हणून फोटो दाखवून सगळी कहाणी सांगतो. पाव्हणे कसे आल्ते, बाप काय बोलला, पोरगं ताटावरून कसं उठलं. मालक, आचारी, कपबशीवाले सगळे गोळा होतात अन् चुकचुक करतात. मंग कुणी विसरत न्हाई.

अन् माग लागला आक्का! नामपल्लीच्या एका इराण्याकडं धर्मा कपबश्या धुवायला होता. मी सोमवारी गेलो तवा तो बाजारात बर्फ आणायला गेल्ता. मी सगळं सांगून, धरून ठेवा म्हणून आलो. बुधवारी गेलो तर मंगळवारीच निघून गेल्ता. एका दिवसानं चुकामूक झाली. पन जिता आहे, कामाला आहे, दोन टाइम खाऊन आहे. आता आठ दिवसांत तुझ्या पुढ्यात आणून बसवतो. दाजींना नमस्कार. भावावर भरोसा असू दे.

तुझा,
तातेराव

॥ श्री ॥
जाफराबाद, ता. ६-३-१९८८

चि. तातेराव यास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी चारदा वाचलं, बेबीनंदानं दोनदा. जिता हाय म्हणून देवापुढं दिवा लावला अन् लगेच रडायला आलं. तुझ्या मोठ्या मोठ्या हॉटेलांचं वाचून काय करू रे? त्यात माझं पोरगं कपबश्या धुवून राह्यलंय. ते बसून जेवतं का उभ्यानं, तेवढं इचार. त्याला दुसऱ्यांदा वाढतं का कुणी, ते बी इचार. घरात कधी मागितलं न्हाई त्यानं, मीच बघून वाढायची.

मंठ्याच्या पाव्हण्यांचा निरोप आला. ज्या घरचं पोरगं ताटावरून उठतं त्या घरची पोरगी नको म्हणले. बेबीनंदा भांडी जोरात घासते.

दाजी आता सगळ्यांच्या मागून जेवतात. बैलांना टाकून, मला बसवून, मंग. कुणी सांगितलं न्हाई त्यांना. पन तोंडानं काही कबूल करतील तर शप्पत. मी लिहायला बसले की शेजारी येऊन उभं राहतात. आत्ता सांगून राह्यलेत, की हॉटेलवाल्यांना ठणकावून सांग, त्याचा बाप स्वतः येणार हाय, पोराला सोडू नका. माया हाय रे त्यात, पन निघतं दरडावल्यासारखंच. तू बराबर सांग सगळ्यांना. तुझ्याशिवाय मला त्या गावात कुणी न्हाई.

आक्का

॥ श्री ॥
काचीगुडा, ता. ११-४-१९८८

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, कारण रिकाम्या हातानं काय लिहावं?

आक्का, तुझं पोरगं आहे का पारा? सिकंदराबादला घड्याळाच्या मनोऱ्याजवळ आंध्र मेस आहे. केळीच्या पानावर भात, गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी, तिखट असं की आपला ठेचा लाजावा. तिथं बारा दिवस वाढप्या होता. मी जाऊन कहाणी सांगितली, दाजींचा निरोप सांगितला, फोटो भिंतीला चिकटवून आलो. पुढच्या खेपेला फोटो आहे अन् पोरगं न्हाई. मंग चारमिनारच्या पलीकडं शालीबंड्याला तंदूरवाल्याकडं माग लागला. तिथं म्हणे आठ दिवस रोट्या लावल्या. तिथं बी तेच. मी गेलो तवा न्हाई, सांगून आलो, पुन्हा गेलो तर कायमचा न्हाई. मालक शपथ घेऊन म्हणतात की आम्ही काही बोललो न्हाई, उलट सगळे त्याला धीर देत होतो. दैवच उलटं फिरलंय, दुसरं काय.

माझी तब्येत बी बिघडली. कुठं बी गेलं की इचारपूस करायच्या आधी काहीतरी खावं लागतं, चहा घ्यावा लागतो. दिवसात अकरा-बारा चहा होतात. पोटात आग पडते, अन् उषा म्हणते भाच्याच्या नावानं मामा चरून राह्यलाय. थट्टेनं म्हणते, पन लागतं.

तू इचारलेलं इचारलं. बसून जेवायचा, पन सगळ्यांच्या मागून, भिंतीकडं तोंड करून. मेसवाला म्हणला की गिऱ्हाइकापुढं ताट दोन्ही हातांनी ठेवायचा अन् कुणाचं पान रिकामं राहू द्यायचा न्हाई. हे तुझंच शिकलाय.

आता दाजींनाच जल्दी धाड. बाप डोळ्यासमोर उभा राह्यला की पोरगं पाय धरील. लोभ कमी करू नको.

तातेराव

॥ श्री ॥
काचीगुडा, ता. २९-५-१९८८

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. दाजींना काल गाडीत बसवून दिलं. पत्र त्यांच्या मागून पोचेल. ते तुला काही सांगणार न्हाईत, म्हणून मी लिहून राह्यलो.

पाच दिवस आम्ही हिंडलो. दाजींनी शहरातला एक घास चवीनं खाल्ला न्हाई. कोठीला, अमीरपेठेला, जिथं जाऊ तिथं चहा पुढं यायचा, तो थंड होऊन वर साय धरायची. चौथ्या दिवशी मेहदीपट्टणमला माग लागला. हॉटेल बारकं, सहा टेबलं. मालक म्हणला की आहे, आत कांदे कापून राह्यलाय, बोलावतो. मी मनात म्हणलं, मिळाला.

दाजी आत शिरले, टोपी काढून हातात घेतली अन् काय वाटलं कुणास ठाऊक, टेबल पुसणाऱ्या पोरांपुढं, आचाऱ्यापुढं हात जोडून उभे राह्यले. म्हणले, मी चुकलो, माझं पोरगं मला द्या. माझे दाजी, आक्का! ज्यांनी पाटलापुढं कधी मान वाकवली न्हाई! तिथली पोरं टकमका बघून राह्यली होती. मालक आत गेला. अर्धे कांदे पाटावर अन् मागचं दार सताड उघडं.

दाजी तिथंच खाली बसले. उठवून आणायला दोन माणसं लागली. येताना एकच इचारलं, माझा आवाज ऐकून गेला का मला बघून?

त्यांना जप. मी शोध सोडला न्हाई. भावाला बोल लावू नको, जेवढं कळतं तेवढं करून राह्यलो.

तातेराव

॥ श्री ॥
काचीगुडा, ता. २-७-१९८८

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. धर्माचं पत्र मला आलं. जसंच्या तसं खाली उतरवून देतो, एक अक्षर गाळलं न्हाई.

«ती. मामांस सा. न. वि. वि. मी बरा आहे. तुम्ही मला शोधणं बंद करावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मामा, नामपल्लीत मी पोटभर जेवत होतो. तुम्ही येऊन गेलात आणि त्या दिवशी माझ्यापुढं ताट आल्यावर सगळे हसले. कुणी म्हणालं उठू नको रे बाबा, कुणी म्हणालं आधी राखण कर. त्यांना ती गंमत वाटत होती. सिकंदराबादला माझ्या फोटोखाली बसून मला जेवावं लागलं. तिथं कुणी हसलं नाही. सगळे कीव करत होते, घास घेताना माझ्या तोंडाकडं बघत होते. ते जास्त वाईट होतं. शालीबंड्याला तर गिऱ्हाइकं मला बाहेर बोलावून विचारायची, की बाप नेमकं काय म्हणाला. जे दहा माणसांसमोर झालं म्हणून मी घर सोडलं, ते तुम्ही सगळ्या शहराला सांगितलंत. तुमची चहापत्ती जात नाही असं हॉटेल मला सापडेना. चार ठिकाणी काम मिळवलं, चार ठिकाणी तुम्ही पोचलात.

मेहदीपट्टणमला मी आतल्या दाराच्या फटीतून बाबांना पाहिलं. त्या पोरांमध्ये मी सगळ्यात खालचा. मी ज्यांची उष्टी उचलायचो, त्यांच्यापुढं बाबा हात जोडून उभे होते. मला मारलं असतं तर मी गेलो असतो त्यांच्याबरोबर. आता कोणत्या तोंडानं जाऊ? त्यांना ते करायला मी लावलं.

आता जिथं आहे तिथं माझं नावसुद्धा कुणी नीट विचारलेलं नाही. दोन वेळा जेवतो. कोणी बघत नाही. मामा, मला जेवू द्या. आईला सांगा की रागावलेलो नाही. तुमचा, धर्मराज.»

आक्का, मी काय करून बसलो! मला वाटलं मी त्याच्यासाठी वणवण करून राह्यलो, अन् मी त्याच्या पुढचं ताट ओढून राह्यलो होतो. एका जागी न्हाई, चार जागी. दाजींनी एकदा केलं, मी चारदा. आता हॉटेलात पाय ठेवायला लाज वाटते.

एक गोष्ट आहे. पाकिटावर टपालाचा शिक्का स्पष्ट आहे. तो कुठल्या भागात आहे ते मला कळलंय. त्या भागात हॉटेलं मोजून चार-पाच. तू म्हण अन् उद्या जातो, या टाइमाला तोंड शिवून जातो. न्हाई म्हणलीस तर न्हाई. मला स्वतःच्या अकलेचा भरोसा राह्यला न्हाई, तूच सांग. क्षमा कर.

तातेराव

॥ श्री ॥
जाफराबाद, ता. १३-७-१९८८

चि. तातेराव यास आशीर्वाद. वि. वि. तुला बोल लावत न्हाई. सगळ्यांना सांग, पोराला सोडू नका म्हण, बाप येतोय म्हण, हे मीच माझ्या हातानं लिहिलं होतं. रडू नको.

पत्र दाजींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मंग म्हणले की भागाचं नाव मागव, मी एकटा जातो, रस्त्याच्या पलीकडून बघतो, बोलणार न्हाई, लगेच फिरतो. दोन दिवस तेवढंच म्हणून राह्यलेत. तातेराव, मी त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं काढली. ते पलीकडं उभं राहू शकणार न्हाईत. पोरगं दिसलं की हाक मारतील. अन् मी गेले तर मी बी मारीन.

म्हणून आठ दिवस इचार करून लिहून राह्यले. त्या भागाचं नाव मला कळवू नको. पाकीट चुलीत घाल, आजच घाल. पुढं मला राहवणार न्हाई, मी कागदावर कागद लिहीन, माझ्या गळ्याची शपथ घालीन, बेबीनंदाचं लग्न निघालं म्हणून सांगीन, मी मरायला टेकले म्हणून तार करीन. तवा बी सांगू नको. ही आक्का शहाणपणानं लिहून राह्यली, ती आक्का खोटं बोलेल. तू हिचं ऐक.

तुझा धंदा हाय, फिरावं लागंल. कधी कुठं पोरगं ताट घेऊन तुझ्याच पुढं आलं, तर मान खाली घाल. वळख देऊ नको. वाढलं ते खा, पैसे दे अन् ऊठ. घरी आल्यावर उषाला बी बोलू नको, अन् मला तर मुळीच कळवू नको, की तो बारीक झालाय का भरलाय. मला कळलं की मी निघाले.

पोरगं कुठं तरी दोन टाइम जेवून राह्यलंय, अन् ते मी तिकडं बघत न्हाई म्हणून. एवढंच करता येतं मला आता.

उषाला आशीर्वाद. तुझ्या पोटाला जप, चहा कमी कर. पत्र लिहीत जा, बाकी सगळं लिही.

तुझी,
आक्का