एक सोडून सर्वांची क्षमा

देवळाली प्रवरा,
ता. २९ मार्च १९७१

तीर्थस्वरूप रंगनाथदादास,

धाकट्या चुलतभावाचा, सूर्यभानचा, दोन्ही हात जोडून सलाम. इकडे सर्व खुशाल आहे. केशरकाकींचा (म्हणजे तुझ्या आईचा) गुडघा सोडला तर घरात कुणाचे काही दुखत नाही. तिकडे भंडारदऱ्याला मुक्ताक्काच्या सासरची थंडी तुला मानवली का? खोकला कसा आहे? तबला इथेच ठेवून गेलास, तेव्हा बोटांना विश्रांती मिळत असेलच. (हा टोमणा नव्हे. मी हल्ली टोमणे सोडले आहेत. कारण पुढे येईल.)

तुला जाऊन तीन आठवडे झाले. कीर्तनाच्या तालमीत मी चार माणसांसमोर "दादा, तुझा हात म्हातारा झाला, ताल सुटतो" असे म्हणालो, तू तबल्यावर फडके टाकलेस आणि सकाळची एस.टी. धरलीस. ताल कुणाचा सुटला या वादात मी आता शिरत नाही. क्षमाशील माणसाने शिरू नये.

तू गेल्यावर आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांनी तरुणांच्या मेळाव्यातले कीर्तन माझ्याकडे दिले. विषय होता, 'तरुणांनो, गर्व सोडा आणि क्षमा मागा'. हा विषय मलाच का, हे मी विचारले नाही. योग्य विषय योग्य माणसाला मिळाला, एवढेच मनाशी म्हटले. (तरुण संघाचा चिटणीस दुसरा आहेच कोण?) मग आठ दिवस आरशासमोर तयारी केली. मान किती वाकवली म्हणजे नम्रताही दिसते आणि फेटाही पडत नाही, हे काढायलाच दोन दिवस गेले.

तबल्याला माणूस नव्हता. शेवटी लग्नाच्या बँडमधल्या गोरक्षनाथला ढोलकी घेऊन बोलावले. माणूस सज्जन, आपल्या मंडळीचा नसूनही वेळेच्या आधी हजर. पण त्याच्या बोटांना वरात आणि तमाशा याखेरीज तिसरे काही येत नाही, हे मला ऐनवेळी कळले. बायबलातल्या उधळ्या पुत्राची कथा लावली होती. पोरगा डुकरांमध्ये बसून पश्चात्तापाने रडतो, त्या जागी मी डोळे मिटून आलाप घेतला आणि गोरक्षनाथने अशी काही थाप टाकली की मागे बसलेल्या दोन पोरांनी शिट्टी वाजवली. त्यात निवडणुकीचा कर्णा अजून परत गेलेला नव्हता, तो आम्ही फुकटात लावलेला. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या रस्त्यात थांबल्या आणि गाडीवान आत डोकावू लागले. उधळ्या पुत्र घरी परतायचे सोडून पुन्हा उधळायला निघाला आहे, असेच कुणालाही वाटले असते.

कीर्तन सावरायला मी स्वतःची साक्ष दिली. माझ्यात फार गर्व आहे असे कबूल केले, सात पापे ओळीने सांगितली, मग मंडळीची क्षमा मागितली, गावाची मागितली, राहुरी तालुक्याची मागितली. जिल्ह्याचीही मागणार होतो, पण पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिले. दोघीतिघी रडल्या. सगळे छान चालले असताना तो सहादेव उठला (आपल्या संघाचा खजिनदार, चिटणीसपदावर डोळा ठेवून असलेला) आणि त्याने नऊ पापे कबूल केली. त्यातली दोन तरी त्याने केलेली नाहीत, हे मी शपथेवर सांगतो, तेवढी त्याची छाती नाही. मलाही आणखी आठवली असती, पण तयारी सातांचीच होती. तरी मी पुन्हा उभा राहून सहादेवपेक्षा मी किती जास्त क्षुद्र आहे, ते सांगायला लागलो.

तेवढ्यात काकी गुडघा धरून उठल्या. म्हणाल्या, "सूर्यभाना, समद्या तालुक्याची माफी मागितलीस, लई ब्येस झालं. पन तालुक्याला तू केलं काय हुतं? ज्याला केलं त्यो तिकडं भंडारदऱ्याला बसलाय."

कर्णा चालूच होता, त्यामुळे हे गाडीवानांनीही ऐकले.

पाळकसाहेबांनी मग मला बाजूला घेतले. आपल्या मंडळीची रीत तुला ठाऊकच आहे. ज्यांचे भांडण आहे त्यांनी प्रभुभोजनाआधी ते मिटवायचे, नाहीतर भाकर फिरते तेव्हा मागच्या सतरंजीवर नुसते बसून राहायचे. ईस्टर अकरा एप्रिलला आहे. त्या सतरंजीवर बांधाच्या भांडणापायी कारभारीबुवा एकोणीस वर्षे बसून आहेत, आणि परवा त्यांनी माझ्यासाठी सरकून जागा केली. पण खरे सांगू का, मला सतरंजीचे एवढे वाटत नाही. काकी माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात, भाकरीही वाढतात, फक्त वाढताना तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघतात. तेव्हा मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठतो.

तरी या पत्राने कळवतो की, माझ्या बोलण्याने तुझे मन दुखावले असल्यास, आणि एवढ्यातेवढ्याने दुखावण्याइतके ते हळवे असल्यास, झाले गेले विसरून जावे.

तुझा नम्र (हे आता तालुक्याला माहीत आहे),
सूर्यभान

ता. क. – ईस्टरच्या पहाटेचे कीर्तनही माझ्याकडेच आहे. गोरक्षनाथ आपणहून येऊन सांगून गेला की पुनरुत्थानासाठी त्याला एक झकास ठेका सुचला आहे. तेव्हा तू शनिवारच्या एस.टी.ने कसेही करून निघ.

ता. क. दुसरा – पत्र काकींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "ह्ये तर कीर्तनच झालं. ह्यात माफी कुठं हाय? समदं खोड आन् पुन्ना लिव्ह." आंतर्देशीय पत्र एकच होते, आणि आता बोटभर जागा उरली आहे. काकी शेजारी बसल्या आहेत, उठत नाहीत. तेव्हा वरचे काही वाचलेच नाहीस असे समज. दादा, ताल माझा सुटला होता. तीनदा तू मला सांभाळून घेतलेस, चौथ्यांदा उघडा पडलो म्हणून तुझ्यावर ढकलले. त्या चौघांना उद्या घरोघर जाऊन सांगतो. तबला नाही वाजवलास तरी चालेल, पण घरी ये. मला क्षमा कर.