गिरणीत जुळलेली लग्नपत्रिका

कराड, ८ एप्रिल १९९८

तीर्थस्वरूप केरबामामा यांच्या पायांवर शिवतेजचं डोकं. मामींना नमस्कार, पोरांना खाऊ माझ्यातर्फे तुम्हीच द्या. जबलपुरात ऊन कसं आहे, परेडला गुडघा साथ देतो का, ते सवडीनं कळवा. इकडे आई बरी आहे. (आबाही बरे आहेत. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आपणहून कळवतो.) माझं लग्न कडेगावच्या क्रांतीशी येत्या मे महिन्यात ठरल्याचं आईनं लिहिलंच असेल. ते मोडता मोडता कसं वाचलं हे मात्र तिनं लिहिलं नसणार, कारण तिला मी अजून सांगितलेलंच नाही.

माझं लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवण्याचं दुकान तुम्हाला आठवत असेल. त्यातला तो टेबलावरचा संगणक म्हणजे एक दैवतच होतं. त्याला वेगळी खोली, आईनं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण, दारात चपला काढायची सक्ती. गिऱ्हाईकसुद्धा आत आलं की गाभाऱ्यात आल्यासारखं हळू बोलायचं. तो मी विकला आणि पुण्याच्या एका ऑफिसातला जुना लॅपटॉप आणला. (जुना असला तरी वजनाला पाट्यापेक्षा हलका आहे. त्याचा चार्जर म्हणजे वरवंटा, तो धरला नाही तर.) आबा म्हणाले, "ज्याला बूड न्हाई, ते यंत्र कशाचं?" पण माझा निश्चय झाला होता. इथून पुढं गिऱ्हाइकानं कराडला यायचं नाही, आपण संगणक बगलेत मारून त्याच्या घरी जायचं, तिथंच पत्रिका जुळवायची आणि फ्लॉपी छापखान्यात द्यायची. श्रीगणेशा म्हणून मुलीकडची पत्रिका हाती घेतली आणि एसटीनं कडेगाव गाठलं.

मामा, पूर्वी दुकानात जो यायचा तोच बोलायचा. यंत्रच घरी गेलं की सगळी भावकी बोलते, हे मला त्या दिवशी कळलं. क्रांतीचे वडील आप्पासो आणि तिचे थोरले चुलते आकाराम यांची घरं समोरासमोर. मधे हातभर बोळ. विहिरीच्या पाळीवरून बिनसलं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चुलत्यांनी मला बसवून घेतलं आणि बजावलं, "निमंत्रकात माजं नाव वर नसंल तर मांडवात पाय ठेवणार न्हाई." मी वर घेतलं. बोळ ओलांडून सासऱ्यांना दाखवलं, तर ते म्हणाले, "पोरगी माजी आन् नाव त्याचं? मग त्यालाच सांग लगीन लावून द्याया." मी खाली घेतलं. परत बोळ. कागदावर छापलेलं खोडताना माणूस जरा कचरतो, पण पडद्यावरचं पुसायला कुणाच्या बापाचं काय जातं? दीड तास ते नाव वर-खाली करत होतो. क्रांती दारात उभी असायची, आणि दर खेपेला तिचा चेहरा आणखी उतरलेला दिसायचा. ते मला बघवेना. पत्रिका जुळवल्याशिवाय कडेगाव सोडायचं नाही, असं मी तिला सांगून टाकलं, आणि त्याच क्षणी बॅटरी संपली.

आळीतल्या डीपीचा फ्यूज उडालेला. वीज होती ती फक्त दुसऱ्या लाइनवरच्या पिठाच्या गिरणीत. तिथं डब्यांच्या फळीवर लॅपटॉप मांडला, वायर जोडली आणि दोन्ही घरी निरोप धाडला. (दुसऱ्यालाही बोलावलंय, हे कुणालाच सांगितलं नाही.) दोघं आले, एकमेकांना पाहून थबकले, पण दळणाला बसलेल्या बायकांदेखत माघारी फिरणार कसे? रिवाजाप्रमाणे दोघं माझ्यामार्फत बोलू लागले. पण गिरणीच्या आवाजात मला शब्द ऐकू येईना. मी हातानं खूण केली, तुमचं तुम्हीच बघा. शेवटी चुलते आप्पासोंच्या कानाशी वाकून ओरडले, "आप्पा, तुजंच नाव वर घाल रं! बाप तू हाईस!"

सासरे तिप्पट ओरडले, "आसं कसं दादा? थोरलं तुमी! तुमच्या खाली ऱ्हायलो म्हणून काय मरत न्हाई मी!"

गिरणीवाल्यानं काय झालं म्हणून पट्टा काढला, तरी दोघांचं ओरडणं चालूच. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. (पीठ गेलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.) पण काम तर पुन्हा अडलंच. आता दुसऱ्याचं नाव वर घालण्यावरून जुंपली, आणि कुणी मागे हटेना. तेव्हा ज्वारीचा डबा घेऊन बसलेल्या बनाबाई, म्हणजे आकारामांच्या मंडळी, उठल्या. "ए पोरा, वर माजं नाव लिव. ह्या दोघास्नी काय भांडायचं ते खाली भांडू देत." मी लिहिलं आणि कुणाचं मत बदलायच्या आत फ्लॉपी खिशात घातली. लॅपटॉपमध्ये शेरभर पीठ गेलं, कळा दाबल्या की करकरतात. तरी तो मी सोडणार नाही. टेबलावरचा संगणक बिचारा गिरणीपर्यंत गेला असता का?

तुमचा भाचा,
शिवतेज

ता. क. मुख्य काम राहिलंच. वास्तुशांतीला आबांनी तुमची टॉवेल-टोपीवर बोळवण केली, तेव्हापासून तुम्ही आमचा उंबरा चढला नाहीत. चूक आबांचीच होती. पण अंतरपाट धरताना माझ्या पाठीशी मामा म्हणून दुसरं कुणी उभं राहिलेलं मला चालणार नाही. रजा टाका. मिळाली नाही तर भांडून घ्या.

ता. क. २ मुलाकडची पत्रिका सोबत आहे. निमंत्रकांत पहिलं नाव तुमचं, आबांचं त्याखाली. सगळ्या प्रती छापून झाल्या. आबांना विचारलेलं नाही, विचारलं असतं तर छापता आलं नसतं. त्यांनी वाचण्याआधी पोचा. पाहुण्यादेखत ते मला मारणार नाहीत.