पावणेबाराची कबुतरं

४ ऑक्टोबर, गुरुवार
चित्र गेलं! पावणेबारा. पडद्यावर नुसता बर्फ आणि खरखर. सात-आठ मिनिटं. मग आपोआप आलं.

तेवढ्यात अर्धी इमारत माझ्या दारात. थाळी सगळ्यांत मिळून एक, ती गच्चीवर. तिचं यंत्र एक, ते माझ्याकडे, कारण मी सर्वांत वर राहते. मी लावीन ते बाराही घरांत दिसतं. ओरानमधल्या या एका जिन्यापुरती मी हुकूमशहा आहे. निवृत्त शिक्षिकेला एवढं पुष्कळ.

तिसऱ्या मजल्यावरची यमिना मला मानाने 'लल्ला' म्हणते. म्हणाली, "लल्ला झुलीखा, मालिकेतली ती बाई नवऱ्याला खरं सांगायला तोंड उघडते काय आणि बर्फ पडतो काय! तुम्ही काही दाबलंत का?"

नाही दाबलं. या वेळी खरंच नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
पुन्हा. पावणेबाराच.

६ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा! लखदर गच्चीवर गेला. तळमजल्यावरचा न्हावी, आणि थाळी समितीचा अध्यक्ष. समितीत दुसरं कोणी नाही. खाली आला तो गुन्हेगार ठरवूनच.

"कबुतरं! हाज मिलूद साडेअकराला सोडतो. घिरट्या घालून थाळीवर बसायला किती वेळ? पंधरा मिनिटं!"

यमिनाने लगेच शपथेवर सांगितलं की पडद्यावर तिला पंख दिसले होते.

मलाही पटलं. चौदा कबुतरं. माझ्या धुण्याच्या दिवशी प्रत्येक चादरीवर त्यांच्या सह्या असतात.

७ ऑक्टोबर, रविवार
आजही गेलं. मग मिलूदच आला. माझ्या भिंतीपलीकडे राहतो. पंचवीस वर्षं जहाजांवर बिनतारी खात्यात होता. बायको बख्ता एप्रिलमध्ये गेली; मेमध्ये त्याने कबुतरं आणली. लखदर आणि यमिना आधीच येऊन बसले होते.

मिलूदने बशी पृथ्वी केली, चहाचा पेला उपग्रह.

"हा विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी वाटतो. म्हणून थाळी एकदा रोखली की हलवायची नाही. तिकडून पाठवलेलं चित्र तो वर झेलतो, खाली टाकतो. इथे पोचेपर्यंत कुजबुज उरते. थाळी ती गोळा करते. पण वर्षातून दोनदा, थोडे दिवस, सूर्य बरोबर त्याच्या पाठीमागे येतो. सूर्य ओरडत असताना कुजबुज कशी ऐकू येणार? दहा मिनिटं, बस. गुरुवारपर्यंत आपोआप थांबेल."

"सूर्य!" लखदर म्हणाला. "माणसं चुलतभावाला साक्षीला आणतात. हा सूर्याला आणतोय!"

"मार्चमध्येही गेलं होतं."

"तो वारा होता! थाळी फिरली होती. चार दिवस दुपार-दुपार बंद. शेवटी मी वळवली तेव्हा आलं. विसरलास?"

मिलूदने माझ्याकडे पाहिलं. मग पेल्याकडे. उपग्रह उचलून पिऊन टाकला.

मी पृथ्वी धुवायला आत नेली.

८ ऑक्टोबर, सोमवार
यमिनाने मिलूदचा सलाम घेतला नाही. लखदरने त्याची दाढी केली नाही. "सूर्याकडून करून घे!"

मिलूद खुंट वाढवून फिरतोय. कबुतरं वेळेवर उडाली. चित्र वेळेवर गेलं.

९ ऑक्टोबर, मंगळवार
जिन्यात सभा. उद्या संध्याकाळी कबुतरं जाणार. गिऱ्हाईक लखदरने शोधलं: बाजारातला कोंबडीवाला. तो कबुतरांचं काय करतो हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

हात वर करा म्हणाले. मीही केला.

"आणि गुरुवारी चित्र स्वच्छ दिसलं की मग बोलू सूर्याशी!" — लखदर.

मिलूद म्हणाला, "पायऱ्या धुतल्यात. जपून उतरा." तेवढंच.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मिलूदचं खरं असेल तर गुरुवारी चित्र स्वच्छच दिसणार. कबुतरं असोत-नसोत! आणि मग ती कायमची दोषी. मेलेलीसुद्धा.

मार्चची वही काढली.

१० ऑक्टोबर, बुधवार
इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही.

"६ मार्च. बाराच्या सुमारास चित्र गेलं. तिसरा दिवस. दहा मिनिटांत आलं. वारा अजिबात नाही, गच्चीवरच्या चादरी सरळ लटकताहेत. आलं म्हणून मी आजही कोणाला सांगितलं नाही. यंत्र बंदच ठेवलं. चार वाजेपर्यंत कविता वाचल्या, मोठ्याने, वर्गात वाचायचे तशा. बाराही घरं गप्प. स्वर्ग!"

"७ मार्च. लखदर पाना घेऊन थाळीशी झटत होता. वरून ओरडायचा, 'आलं का?' पाचव्यांदा ओरडला तेव्हा दया आली. यंत्र लावलं. जिन्यात बायकांनी त्याच्यासाठी आनंदाच्या किलकाऱ्या केल्या."

वारा नव्हता. मी होते.

संध्याकाळी कोंबडीवाला पिंजरे घेऊन आला. सगळे जिन्यात जमले होते. मी दोन्ही पानं वाचून दाखवली. तीस वर्षं शिकवलं, पण इतका शांत वर्ग कधी मिळाला नाही.

पहिली यमिना बोलली. "म्हणजे त्या मालिकेतली बहीण घर सोडून का गेली, हे मला आजवर कळलं नाही, ते तुमच्यामुळे?"

लखदर पायरीवर बसला. "पण मी वळवली होती. थोडी तरी वळवली होती की नाही?"

"वळवली होतीस," मिलूद म्हणाला. "नशीब, थोडीच."

कोंबडीवाला रिकामे पिंजरे घेऊन गेला. यंत्र यमिनाकडे गेलं. तारा तिने स्वतः ओढल्या.

११ ऑक्टोबर, गुरुवार
पावणेबारा. चित्र स्वच्छ. सकाळपासून बाराही घरांत एकच बाई रडते आहे.

मिलूद हरभऱ्याच्या पिठाची गरम करंतिका घेऊन आला. दाढी केलेली. म्हणाला, "सूर्य दहा मिनिटांच्या वर थांबत नाही, लल्ला. मार्चमध्येच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत? कबुतरं जात होती!"

"त्या चार दुपारी बख्ता भिंतीला उशी टेकवून तुमच्या कविता ऐकायची. मी कशाला बोलू?"