दोन पायांना दोन नंबर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा कागदावरच मानून घे). तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून तुझ्या प्रत्येक बोलण्याला ते खोकूनच उत्तर देतात? इकडे आम्ही दोघं ठीक. ठीक म्हणजे अंथरूण धरलेलं नाही, इतपत. फोन असताना याला पत्राचं काय सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस गं. आणि या पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती तू मधे न बोलता ऐकायला हवी. ती मी लगेच सांगणार नाही, कारण मी भित्रा आहे, हे तुला मी दुपट्यात असल्यापासून माहीत आहे. आत्ता एवढंच सांगतो की तुला न विचारता तुझ्या बाबतीत मी काहीतरी करून बसलोय, आणि ते दुकान वाचवायला केलंय.

दुकानाचं काय झालंय ते आधी ऐक. हाडांचे म्हातारे डॉक्टर होते तोवर ते चिठ्ठी देऊन बुटांसाठी माणसं आपल्याकडे धाडायचे: कुणाचा पाय आखूड, कुणाचा वाकडा, कुणाचा अपघातात चेपलेला. ते गेले. नवीन डॉक्टर तयार बूट मागवतात, खोक्यात बंद, आत एक लिबलिबीत गादी, बसला तर बसला. गेल्या महिन्यात दुकानाची पायरी दोघांनी चढली, त्यातला एक शेजारचा चष्मेवाला कुठे बसतो ते विचारायला आला होता. मी आपला बसून भिंतीकडे बघतो. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे टांगलेत, बाबांनी केलेले आणि मी केलेले, आणि त्यातले निम्मे पाय आता या जगात चालत नाहीत. त्या भिंतीपलीकडेच चष्मेवाला. त्याला भिंत पाडून आपलं दुकान त्याच्या दुकानात घ्यायचंय. माणूस वाईट नाही, दर सोमवारी हसून विचारतो. मी त्याला म्हटलं, वर्षअखेरपर्यंत थांब, काम आलं नाही तर दुकान तुझं.

तर दुकानाची वेबसाइट काढायची कल्पना त्याचीच (माझं दुकान गिळायला बसलेला माणूस मला ते वाचवायची युक्ती शिकवतो, इतकं माझं बरं चाललंय). म्हणाला, काही येत नसलं तरी होते, फुकटात होते, एका दुपारीत होते. त्याची एका दुपारीत झाली असेल. माझ्या एकवीस दुपारी गेल्या. तयार नमुने असतात, त्यातला एक निवडायचा आणि त्यांची चित्रं काढून आपली घालायची. मी बुटांच्या दुकानाचा नमुना घेतला. त्यात सगळी माणसं समुद्रावर. सगळी तरुण, सगळ्यांचे पाय सारखे. एकेकाला निवडून घालवलं, पण एक बाप्या काही जाईना. दोन्ही पाय हवेत, दात दाखवतोय, आणि त्याच्या डोक्यावर मी टाइप केलेलं वाक्य: 'ज्यांना नीट उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी.' अकरा दिवस तो तसाच उडत होता. शिवाय साइट फुकट असल्यामुळे वरच्या पट्टीत त्यांच्या मर्जीची जाहिरात येते. आपल्या पट्टीत नाचाचे क्लास आले. तुझी भावजय ते बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि मग तिथेच बसून रडली. मी बुटाला टाके घालत बसलो. गिऱ्हाईक नव्हतं, तरी घालत बसलो.

पुढचं संकट नंबराचं. त्या साइटला वाटतं की जगात ज्याला बूट हवा त्याला दोन पाय आहेत आणि दोन्हींचा नंबर एक आहे. एकच चौकोन! त्यात 'डावा सहा, उजवा आठ' असं लिहिलं की तो लाल होतो आणि माझी चूक झाली म्हणून सांगतो. अरे, चाळीस वर्षांत या दुकानातून एकसारखा जोड बाहेर पडलेला नाही, आणि चूक माझी? हात टेकले. शेवटी मी डावा बूट वेगळा आणि उजवा बूट वेगळा, अशा दोन वस्तू विकायला ठेवल्या. स्वतःवरच खूश झालो. आणि खरंच ऑर्डर आली गं! एका गृहस्थाची, फक्त उजव्या बुटाची. सोबत निरोप होता की, आजवर प्रत्येक दुकानदाराने मला जोड गळ्यात मारला, एकच बूट विकणारे तुम्ही पहिले. त्यांना डावा पाय नाही. तो निरोप मी तुझ्या भावजयीला दोनदा वाचून दाखवला. पण साइट मधेमधे काहीबाही विचारायची आणि मी नाद नको म्हणून सगळ्याला हो म्हणत गेलो होतो, त्यात कुठेतरी 'एकावर एक फुकट' लाही हो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी साइटने त्या गृहस्थांना परस्पर कळवलं: अभिनंदन, आपला डावा बूट अगदी मोफत. त्यांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की कपाटात अकरा कोरे डावे बूट आहेत, हा बारावा ठेवू. उजवा शिवून मी स्वतः नेऊन दिला. तेवढी एकच ऑर्डर.

मग चष्मेवाला म्हणाला, एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो लाव, त्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत. मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. एकानेही दिला नाही. एक बाई अठरा वर्षं माझे बूट घालतात, त्या म्हणाल्या रॉंग नंबर. आणि त्यांचं चुकलं कुठे? आपल्याकडे माणूस येतो तेच मुळी कुणाला कळू नये म्हणून. आपला माल चांगला म्हणजे तो दिसत नाही. त्याची जाहिरात कशी करायची, सांग ना!

तर ताई, आता सांगतो. बाबांच्या मापांच्या वहीत तुझा फोटो सापडला. तू सात वर्षांची, फ्रॉकमध्ये, टेबलाची कड घट्ट धरून उभी, आखूड डाव्या पायाखाली लाकडाचा ठोकळा, आणि फोटो काढणाऱ्या बाबांकडे अशी बघतेस की आता चावशील. तो मी वेबसाइटवर लावला. पहिल्याच पानावर. चेहरा कापणार होतो, देवाशपथ. पण कापायला गेलो तर पाय गेले आणि चेहरा राहिला, ते सुधारायला गेलो तर दोन्ही परत आले, आणि तेवढ्यात साइटने 'प्रकाशित' म्हणून टाकलं. तुझी अट मला पाठ आहे: बुटाला उंची आतून द्यायची, वरून काही दिसता कामा नये. ऑफिसात सव्वीस वर्षं कुणाला कळलं नाही याचं श्रेय तू बाबांना देतेस (गेली चौदा वर्षं ते बूट मी शिवतोय, पण असो). आणि तेच मी सगळ्या जगाला दाखवून ठेवलं. मला लाज वाटते. रागाव, शिव्या दे, पत्र फाड. फक्त बोलणं टाकू नकोस.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
फटके खायच्या लायकीचा धाकटा

ता. क. दुकान वाचवायला फोटो लावला असं वर लिहिलंय, ते आता खरं राहिलेलं नाही. वर्षअखेर यायला वेळ आहे, पण मीच थकलो. काल चष्मेवाल्याला हो म्हणून आलो. पुढच्या महिन्यात भिंत पडेल. साचे मी घरी आणतोय, तुझी भावजय म्हणते की पलंगाखाली मावतील तेवढेच. म्हणजे तुझ्या फोटोची आता कुणाला गरज नाही, आणि तो काढायचा कसा हेही मी शिकलोय. तरी अजून काढलेला नाही. त्याचं कारण खाली.

ता. क. दुसरा. साइटवर 'आमची माणसं' असं एक पान आहे. तिथे मी बाबांना लावलं होतं, लावायला दुसरं होतं कोण? बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली, तरी साइटने त्यांच्या नावाशेजारी आपणहून हिरवा ठिपका टाकला आणि लिहिलं, 'आत्ता बोलायला उपलब्ध.' परवा त्यांना एका बाईंचा निरोप आला. मुलगी सहा वर्षांची, डावा पाय आखूड. उंच बूट घालत नाही, कपाटामागे लपवते, शाळेत जायचं नाही म्हणते. आईने तिला तुझा फोटो दाखवला. पोरीने तुझ्या पायाखालच्या ठोकळ्यावर बोट ठेवून विचारलं की ही मुलगी मोठी झाल्यावर तिला दुखायचं थांबलं का. बाईंनी आपल्या बाबांना विचारलंय, कळवाल का म्हणून.

दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. तिचे बूट मी घरी बसून शिवेन, त्याचं काही नाही. पण मला उत्तरच माहीत नाही, ताई. चौदा वर्षं तुझा पाय हातात घेऊन मापं घेतली, टाच किती, घोटा किती, सगळं विचारलं, आणि हे एक कधी विचारलं नाही. बाबांनीही विचारल्याचं आठवत नाही. बाईंचा पत्ता मागे लिहिलाय. तू लिही, बाबांच्या नावाने नको, तुझ्या नावाने. आणि दुखत असेल तर दुखतं म्हणूनच लिही. आधी मला कळव, मग तिला.